क्यांती हे एका मुलखाचे नाव आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इटलीतील ‘चियांती’ या तांबड्या वाइनविषयी आलेला लेख मी उत्सुकतेने वाचला. नागपूरच्या वर्तमानपत्रात अशा विषयाला अर्धे पान मिळाले याचे समाधान वाटले. मात्र त्यातील काही विधाने तशीच राहू दिली तर वाचकांच्या मनात चुकीची समजूत रुजेल, म्हणून हे पत्र लिहीत आहे. चियांती ही द्राक्षाची एक जात आहे, गवताने विणलेली फुगीर बाटली ही अस्सलपणाची खूण आहे, आणि ही वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, असे लेखात म्हटले आहे. मी आयुष्यभर उद्यानविद्या शिकवली, काटोल तालुक्यात आमची तीन पिढ्यांची संत्र्याची बाग आहे, आणि मुलगी सिएना येथे शिकत असताना दोनदा ऐन द्राक्षतोडणीच्या दिवसांत तिच्याकडे राहण्याचा योग आला. त्यामुळे या वाइनकडे मी पाहते ते फळबागेत वाढलेल्या माणसाच्या नजरेने, आणि त्याच नजरेने हे पत्र वाचले जावे अशी विनंती आहे. आपल्या शेजारच्या वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे याचे मला भान आहे. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा माझा हेतू नाही. एका पिकाची, एका प्रदेशाची आणि त्या प्रदेशाने आपले नाव कसे सांभाळले याची ही हकिकत आहे.

आधी उच्चार. इटालियन भाषेत ‘च’ आणि ‘क’ यांचे लेखन इंग्रजीहून वेगळे आहे. या शब्दाचा उच्चार तेथील माणसे ‘क्यांती’ असाच करतात. देवनागरीत तो जसाच्या तसा उतरतो. इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘चियांती’ लिहिण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

क्यांती हे डोंगराळ मुलखाचे नाव आहे. तोस्काना प्रांतात फिरेंझे, म्हणजे आपण ज्याला फ्लॉरेन्स म्हणतो ते शहर, आणि दक्षिणेकडचे सिएना यांच्यामध्ये हा मुलूख पसरला आहे. राद्दा, गायोले आणि कास्तेल्लिना ही त्याची मूळ तीन गावे. द्राक्षाच्या जातीचे नाव सांजोवेसे. नागपूर हे शहर आणि संत्रा हे फळ, तसे क्यांती हा मुलूख आणि सांजोवेसे हे द्राक्ष. ‘नागपुरी’ म्हटल्यावर जशी जमीन, हवा, बहार धरण्याची रीत आणि फळाची सैल साल हे सगळे एकदम डोळ्यांपुढे येते, तसेच ‘क्यांती’ म्हटल्यावर त्या भागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे येते. या नावाचा वाइनसंदर्भातला लेखी उल्लेख १३९८ सालच्या कागदपत्रांत सापडतो, आणि १७१६ साली तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो दे मेदिची याने फर्मान काढून क्यांतीच्या आणि आणखी तीन प्रदेशांच्या सीमा ठरवून दिल्या. या सीमेच्या आतली वाइन तेवढीच या नावाने विकता येईल, असा त्याचा आशय होता. कायद्याने हद्द आखून दिलेल्या जगातील सर्वांत जुन्या वाइन-प्रदेशांत क्यांतीची गणना होते ती यामुळे. आपल्या नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१४ साली. म्हणजे जे काम आपल्याकडे परवा झाले, ते तिथे तीनशे वर्षांपूर्वी एका राजाने केले होते.

त्या मुलखाची खूण काळा कोंबडा. त्यामागची दंतकथा तिथल्या लहान मुलांनाही पाठ असते. मध्ययुगात फिरेंझे आणि सिएना यांच्यात सीमेवरून सतत लढाया होत. शेवटी असे ठरले की दोन्ही शहरांतून एकेका घोडेस्वाराने पहाटे कोंबडा आरवताच निघावे आणि जिथे दोघांची गाठ पडेल तिथे सीमा मानावी. सिएनाच्या लोकांनी पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला पोटभर दाणे घातले. फिरेंझेच्या लोकांनी काळा कोंबडा घेतला आणि त्याला उपाशी डांबून ठेवले. भुकेने व्याकूळ झालेला तो कोंबडा दिवस उगवण्याच्या कितीतरी आधी आरवला, फिरेंझेचा स्वार अंधारातच निघाला, आणि सिएनापासून अवघ्या बारा किलोमीटरवर फोंतेरूतोली येथे त्याला समोरून येणारा स्वार भेटला. अशा रीतीने जवळजवळ सगळा क्यांती फिरेंझेकडे गेला. कथा खरी की खोटी हा प्रश्न निराळा. परंतु चौदाव्या शतकातल्या ‘क्यांती संघा’चे, म्हणजे या गावांच्या संरक्षक संघटनेचे, चिन्ह काळा कोंबडा हेच होते, आणि फिरेंझेच्या पालात्सो वेक्यो या राजवाड्यातील ‘पाचशेंचे दालन’ नावाच्या सभागृहाच्या छतावर चित्रकार वासारीने क्यांतीचे रूपक रंगवताना तो कोंबडा दाखवला आहे. मी त्या दालनात मान दुखेपर्यंत वर पाहत उभी होते. पुढे १४ मे १९२४ रोजी राद्दा येथे ३३ उत्पादकांनी एकत्र येऊन नावाच्या रक्षणासाठी संघ स्थापन केला, तेव्हा त्यांनी हेच जुने चिन्ह उचलले.

लेखात या वाइनच्या चवीबद्दल ‘फळांसारखी, मऊ’ एवढेच शब्द आले आहेत. मला हे फार अपुरे वाटले, कारण क्यांती मऊ नसते. तिचा स्वभाव आंबट आणि तुरट आहे, आणि हे दोन शब्द आपल्या भाषेत इतके जुने आणि नेमके आहेत की या वाइनचे वर्णन मराठीत जसे साधते तसे फार थोड्या भाषांत साधत असेल. आपण सहा रस मानतो आणि तुरट हा त्यातला एक पूर्ण रस आहे. अर्धवट पिकलेले टेंभरू चावल्यावर जीभ आवळून येते, जांभूळ खाल्ल्यावर ती जड होते, आवळ्यानंतर पाणी प्यायले की तोंडात गोडवा उतरतो. क्यांतीचा पहिला घोट घेतल्यावर या तिन्ही अनुभवांची एकदम आठवण होते. रंग माणकासारखा पारदर्शक तांबडा, जुनी होत गेली की त्याला विटकरी झाक येते. वासात आंबट चेरी हे फळ असते असे सगळे सांगतात. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांनी पिकलेल्या करवंदाचा वास आठवावा, त्यात थोडी वाळलेल्या फुलांची आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीची छटा मिळवावी.

हा स्वभाव कुठून येतो ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तांबड्या वाइनचा रंग आणि तुरटपणा रसात नसतो, सालीत आणि बियांत असतो. द्राक्षे चिरडून साल-बियांसकट आंबत ठेवली की दोन्ही हळूहळू रसात उतरतात. सांजोवेसेची साल पातळ असते, त्यामुळे रंग गडद होत नाही. परंतु तुरटपणा भरपूर असतो. हे द्राक्ष उशिरा पिकते, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तोडणी चालते, आणि त्या दिवसांत पाऊस आला तर घड सडतात. बागा उंचावर आहेत, दिवसा ऊन आणि रात्री गारवा असतो, म्हणून साखर वाढत असताना आंबटपणा टिकून राहतो. जमीन हलकी, दगडी. गालेस्त्रो म्हणजे हातात धरला की पापुद्र्यांनी फुटणारा ठिसूळ खडक, आणि आल्बेरेसे म्हणजे कठीण चुनखडी. आमच्या काटोलकडे काळ्या भारी जमिनीत पाणी तुंबले की संत्र्याला डिंक्या रोग धरतो आणि झाड वाळते. म्हणून त्या मुरमाड उतारावर उभी राहिले तेव्हा या वेलीला हीच जमीन का मानवते हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

राद्दाच्या बाजूला एका लहान बागेत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी तोडणी पाहिली. सकाळी धुके होते, पाने ओली होती. वीस-बावीस माणसे ओळींमधून कात्र्या घेऊन चालत होती आणि घड अलगद क्रेटमध्ये ठेवत होती. बागेचा म्हातारा मालक मात्र काहीच तोडत नव्हता. तो प्रत्येक ओळीत थांबून एक मणी तोंडात टाकी, गर थुंकी, आणि बी दाताखाली धरून चावी. मुलीने विचारले तेव्हा त्याने तळहातावर दोन बिया ठेवून दाखवल्या. एक हिरवट आणि ओलसर, दुसरी भाजलेल्या शेंगदाण्यासारखी तपकिरी. साखर मोजायला यंत्र आहे, पण बी तपकिरी होऊन कुडकुडीत वाजेपर्यंत तुरटपणा कच्चा राहतो, असे त्याचे म्हणणे. त्या दिवशी त्याने वरच्या तीन ओळी न तोडता तशाच ठेवल्या. माझे वडील आंबिया बहाराच्या वेळी फळाच्या देठाजवळ अंगठा दाबून पाहायचे आणि व्यापारी दारात उभा असतानाही ‘आठ दिवस थांबा’ म्हणायचे, ते मला तिथे आठवले.

एका फळाचे पीक म्हणून मला आदर वाटतो तो त्यांच्या उत्पन्नावरच्या मर्यादेचा. क्यांती क्लासिकोसाठी, म्हणजे मूळ मुलखातल्या क्यांतीसाठी, हेक्टरी साडेसात टनांपेक्षा जास्त द्राक्ष घेता येत नाही. आपल्या हिशेबाने एकरी साधारण तीस क्विंटल. त्यापेक्षा जास्त घड वेलीवर राहिले तर उन्हाळ्यातच हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात. जास्त फळ म्हणजे पातळ रस, हे त्यांनी नियमात लिहून ठेवले आहे. आपल्याकडे फळगळीने निम्मा बहार जमिनीवर येतो तेव्हा शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. स्वतःच्या हाताने बहार उतरवण्याचे धैर्य माणसाला तेव्हाच होते, जेव्हा उरलेल्या फळाला नावाची किंमत मिळणार याची खात्री असते.

आता या वाइनच्या घडणीतला सर्वांत मोठा माणूस. बारोन बेत्तीनो रिकासोली हा गायोलेजवळच्या ब्रोलियो किल्ल्याचा धनी. एकसंध इटलीचा पहिला पंतप्रधान काव्हूर याच्यानंतरचा पंतप्रधान तो हाच, १८६१ मध्ये आणि पुन्हा १८६६ मध्ये. त्याने फ्रान्समध्ये जाऊन तिथली पद्धत पाहिली आणि कोणत्या जाती किती प्रमाणात मिसळाव्यात याचे प्रयोग अनेक वर्षे आपल्या बागेत केले. १८७२ साली पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना लिहिलेल्या पत्रात त्याने आपला निष्कर्ष मांडला. त्याचा सारांश असा: सांजोवेसेपासून वाइनला मुख्य सुगंध आणि जोम मिळतो, कानायोलो या दुसऱ्या तांबड्या जातीमुळे तिचा कठीणपणा सौम्य होतो, आणि मालवासिया हे पांढरे द्राक्ष वाइन हलकी करते, म्हणून ते रोजच्या पिण्याच्या वाइनमध्ये चालेल, परंतु टिकवायच्या वाइनमधून गाळले तरी हरकत नाही. पत्र हे साधन किती काळ पुरते याचे हे उदाहरण मला फार प्रिय आहे. दीडशे वर्षांनंतरही क्यांतीविषयीची कोणतीही चर्चा या पत्रापर्यंत येऊन पोहोचतेच.

परंतु त्याच पत्राचा अर्थ पुढच्यांनी उलटा लावला. आधी, १९३२ साली सरकारी निर्णयाने क्यांती हे नाव भोवतालच्या सहा प्रदेशांनाही वापरायला दिले, आणि मूळ मुलखाला वेगळे ओळखता यावे म्हणून त्याच्या नावापुढे ‘क्लासिको’ हा शब्द जोडला. नावाला मागणी होती, विकणाऱ्यांना माल हवा होता, हद्द वाढवणे सोपे होते. मग १९६७ च्या नियमावलीत पांढरी द्राक्षे दहा ते तीस टक्के घालणे बंधनकारक करण्यात आले. रिकासोलीने जे ‘चालेल’ म्हटले होते ते आता ‘घातलेच पाहिजे’ झाले. शिवाय त्यात सुगंधी मालवासियाच्या जोडीला भरघोस पीक देणारे, पण चवीला फिके असे त्रेब्बियानो आले. त्याच काळात शेतीची जुनी व्यवस्था मोडत होती. तिथे ‘मेत्साद्रिया’ नावाची पद्धत होती. आपल्याकडच्या बटईसारखी, पिकाचा निम्मा वाटा मालकाला आणि निम्मा कसणाऱ्याला. एकाच शेतात वेल, जैतून आणि गहू अशी मिश्र शेती असे आणि वेली जिवंत झाडांवर चढवलेल्या असत. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले, कसणारी कुटुंबे शहरांतल्या कारखान्यांकडे निघून गेली, दगडी घरे ओस पडली. मोकळ्या झालेल्या जमिनीवर अनुदान घेऊन घाईने नव्या बागा लावल्या गेल्या, आणि कलमे निवडताना गुणांपेक्षा वजन पाहिले गेले. वाइन पातळ झाली आणि जगभर क्यांतीचे नाव स्वस्त वाइनचे नाव झाले.

गवती बाटलीचा प्रश्न इथेच येतो. तिला ‘फियास्को’ म्हणतात. फुंकून घडवलेल्या काचेचा तळ गोल राहत असे आणि बाटली उभी राहत नसे. म्हणून तिच्याभोवती दलदलीत उगवणाऱ्या गवताचे विणकाम करून खाली बैठक करत. प्रवासात काच फुटत नसे, हाही फायदा. खेडोपाडी बायका हे विणकाम घरी बसून करत, आणि पूर्वी बुचाऐवजी तोंडाशी जैतुनाच्या तेलाचे थोडे थेंब सोडून वाइनचा हवेशी संबंध तोडत. ही कारागिरी मला मनापासून आवडते. मुलीच्या घरमालकिणीने जपून ठेवलेली एक जुनी रिकामी फियास्को मी हातात घेतली तेव्हा तिची वीण इतकी घट्ट होती की नखही आत जाईना. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच बाटलीत सर्वांत हलकी वाइन भरून ती पर्यटकांना विकली गेली, आणि चांगल्या उत्पादकांनी सरळ खांद्याच्या बाटल्या स्वीकारल्या, ज्या आडव्या रचून वर्षानुवर्षे ठेवता येतात. म्हणजे फियास्को ही एका कलेची खूण आहे. आतल्या वाइनच्या अस्सलपणाविषयी ती काही सांगत नाही.

नियम चुकीचा असेल तर प्रामाणिक उत्पादक काय करतो, याचे उत्तरही याच मुलखाने दिले. आंतिनोरी या वाइन-उत्पादक घराण्याने १९७१ मध्ये तिन्यानेल्लो ही वाइन आणली आणि काही वर्षांतच तिच्यातून पांढरी द्राक्षे पूर्णपणे काढली. राद्दाजवळच्या मोंतेवेर्तीने येथील सेर्जो मानेत्ती यांनी १९७७ पासून निव्वळ सांजोवेसेची वाइन केली. दोन्ही वाइन नियमात बसत नव्हत्या, म्हणून त्यांच्या लेबलावर क्यांतीचे नाव येऊ शकले नाही; ‘साधी जेवणाची वाइन’ या सर्वांत खालच्या वर्गात त्या विकाव्या लागल्या, आणि जाणकारांनी त्या मोठ्या किमतीला घेतल्या. ज्या नावाने त्यांना मोठे करायचे, तेच नाव त्यांना सोडून द्यावे लागले, ही गोष्ट त्या मुलखाला लागली. १९८४ मध्ये क्यांतीला वाइनचा सर्वोच्च सरकारी दर्जा मिळाला आणि पांढऱ्या द्राक्षांचे प्रमाण घटवले गेले. १९९६ मध्ये क्यांती क्लासिकोची नियमावली इतर क्यांतीपासून पूर्ण वेगळी झाली आणि निव्वळ सांजोवेसेला मान्यता मिळाली. २००६ च्या हंगामापासून क्लासिकोत पांढरी द्राक्षे घालण्यास बंदी आली. आज किमान ८० टक्के सांजोवेसे असावेच लागते. कायद्याने स्वतःची चूक दुरुस्त करायला जवळजवळ चाळीस वर्षे घेतली.

माझ्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोठे काम शांतपणे झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्पादकांच्या संघाने फिरेंझे आणि पिसा येथील विद्यापीठांना बरोबर घेऊन ‘क्यांती क्लासिको २०००’ हा प्रकल्प हाती घेतला. जुन्या बागांतून चांगल्या वेली शोधल्या, त्यांची कलमे वाढवून तपासली, कोणत्या खुंटावर कोणते कलम बसते आणि ओळीत किती अंतर ठेवावे याचे वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या घाईच्या बागा उपटून त्या जागी ही निवडक कलमे लावली. जंभेरीच्या खुंटावर नागपुरी संत्रा चढवण्याची रीत आणि त्यातले धोके मी वर्गात शिकवत आले. आपल्या शहरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे आणि तिच्या प्रयोगशाळेत होणारे काम कोणत्याही अर्थाने कमी नाही. फरक आहे तो बागायतदारांच्या संघटनेने स्वतः पुढाकार घेऊन संशोधकांना प्रश्न विचारण्याचा.

जुन्या परंपरांपैकी एका रीतीचा उल्लेख लेखात नव्हता, तो करते. ‘तोस्कानी गोव्हेर्नो’ म्हणून ती ओळखली जाते. तोडणीच्या वेळी थोडे घड बाजूला ठेवून सुकवायचे आणि मुख्य वाइन आंबून शांत होत आली की या सुकलेल्या द्राक्षांचा गोड रस तिच्यात सोडायचा. त्यातल्या साखरेने आंबण्याची क्रिया पुन्हा हळूहळू जागी होते, आणि वाइन गोलसर, लवकर पिण्याजोगी होते. आता ही रीत फार थोडे लोक पाळतात.

राहिला तापमानाचा मुद्दा, आणि नागपूरच्या वाचकांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या दगडी, थंड घरांतून आला आहे. क्यांतीसाठी योग्य तापमान १६ ते १८ अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कुलर चालू असतानाही खोली तिशीच्या खाली येत नाही. अशा दिवसांत बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवूनच उघडली पाहिजे. त्याहून गंभीर प्रश्न साठवणीचा. मागच्या उन्हाळ्यात मुलगी सुटीवर आली म्हणून आम्ही शहरातल्या एका दुकानातून क्यांती क्लासिकोची बाटली आणली. ती काचेच्या खिडकीजवळच्या वरच्या फळीवर उभी होती. घरी येऊन वेष्टन काढले तर बूच काठाच्या केसभर वर आलेले आणि त्याखाली चिकट तांबडी रेघ सुकलेली. उष्णतेने वाइन फुगली की बुचाला रेटते आणि हवा आत शिरते. पेल्यात ओतली तेव्हा रंग तपकिरीकडे झुकलेला होता, करवंदाच्या वासाऐवजी शिजलेल्या मनुकांचा वास येत होता, आंबटपणाचा ताजेपणा नाहीसा झाला होता. ज्या माणसांनी बी चावून तोडणीचा दिवस ठरवला त्यांच्या कष्टाचे एका फळीने काय केले, या विचाराने मला खरेच वाईट वाटले. दुकानदारांनी या बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी आणि आडव्या ठेवाव्यात, आणि ग्राहकांनी मार्च ते जून या काळात त्या आधी निरखून घ्याव्यात.

लेबल वाचण्यात फार अवघड काही नाही. बाटलीच्या गळ्यावर क्रमांक असलेली सरकारी पट्टी असते, आणि क्यांती क्लासिको असेल तर काळा कोंबडा असतोच. नुसते ‘क्यांती’ लिहिलेल्या, बाहेरच्या प्रदेशांतल्या वाइनवर तो नसतो. क्लासिकोची साधी वाइन तोडणीच्या पुढच्या वर्षाच्या १ ऑक्टोबरपूर्वी बाजारात येत नाही, ‘रिझेर्वा’ या अधिक मुरवलेल्या वाइनला किमान २४ महिने आणि २०१४ पासून सुरू झालेल्या ‘ग्रान सेलेत्सियोने’ या वरच्या पायरीला किमान ३० महिने थांबावे लागते. २०२१ मध्ये संघाने मुलखाचे अकरा लहान विभागही ठरवले.

जेवणाबरोबर म्हणाल तर तिकडे ही वाइन जाड तुकड्याच्या भाजलेल्या मांसाबरोबर, टोमॅटोच्या रश्शाबरोबर आणि मेंढीच्या चीजबरोबर घेतात, कारण चरबी आणि मीठ तुरटपणाची धार कमी करतात. सावजी रस्सा आणि क्यांती एकत्र आणण्याचा मोह मात्र टाळावा. तिखटाने तोंड पेटलेले असताना तुरटपणा आणि मद्य दोन्ही आग वाढवतात आणि ना मसाल्याची चव कळते ना वाइनची. आमच्या घरी निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे, हात राखून मिरची घातलेले भरीत तिच्याबरोबर उत्तम जुळले.

हे सगळे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण माझ्या बागेत आहे. काही वर्षांपूर्वी दिल्लीत एका फळवाल्याच्या गाडीवर ‘नागपुरी संत्रा’ अशी पाटी होती आणि खाली किन्नू या दुसऱ्याच जातीची घट्ट सालीची फळे रचलेली होती. मी एक हातात घेऊन सोलायला गेले तर साल नखाने निघेना. फळवाल्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. ‘नागपुरी’ म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मानांकनाचे प्रमाणपत्र आपल्याकडे आहे. परंतु कोणत्या तालुक्यातले, किती आकाराचे, किती पिकलेले फळ त्या नावाने पेटीत भरायचे, आणि जे बसत नाही ते बाजूला काढायचे, हे ठरवणारी आणि पाळणारी बागायतदारांची संघटना काळा कोंबडा घेऊन उभ्या राहिलेल्या त्या ३३ जणांसारखी असावी लागते. त्यांनीही चुका केल्या, हद्द ताणली गेली, नियम बिघडले. तरी दुरुस्ती करायला संघ जागेवर होता.

काटोल आणि नरखेड भागातले आम्ही काही बागायतदार येत्या मृग बहाराच्या आधी एकत्र बसून पेटीसाठी आमचे स्वतःचे नियम लिहून काढणार आहोत. त्या बैठकीत वाचण्यासाठी रिकासोलीच्या पत्राचा मराठी सारांश मी तयार केला आहे. आपल्या पुरवणीत वरील दुरुस्त्यांना जागा मिळाली, तर ते कात्रणही सोबत नेईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त उद्यानविद्या प्राध्यापिका,
धरमपेठ, नागपूर